वाळत घातलेलं हाड

आमच्या लेफ्कोनिसी बेटावर मेलेल्या माणसाला जमिनीत तीन वर्षं मिळतात. तीन वर्षं भरली की त्याला वर काढायचं, हाडं वाइनने धुवायची, उन्हात वाळवायची आणि पत्र्याच्या पेटीत भरून चर्चमागच्या अस्थिघरात फळीवर ठेवायची. खालची जागा पुढच्याला द्यावी लागते. बेट एवढंसं आहे, आणि नवीन खणायला जावं तर जिथे फावडं मारू तिथे कुणीतरी अडीच हजार वर्षांपूर्वीच जागा धरून बसलेलं असतं.

माझ्या बाबांची, झाफिरिस यांची, तीन वर्षं मेच्या शेवटी भरली. आईने बुधवार ठरवला, कारण त्याच आठवड्यातला शनिवार हा मृतांचा शनिवार होता. त्या दिवशी घरोघरचे लोक आपापल्या गेलेल्या माणसांची नावं कागदावर लिहून देतात आणि पाद्रीबाबा ती एकामागून एक वाचतात. त्याआधी बाबा धुऊन, वाळून, पेटीत बसून फळीवर लागायला हवे होते. "सबंध," असं आई म्हणाली. तिचा हिशेब सरळ होता. शेवटच्या दिवशी सगळ्यांना उठायचं आहे, आणि उठायचं तर अंगाचं सगळं जवळ हवं. त्या वेळी शोधाशोध नको.

बाबा एकतीस वर्षं प्राचीन देवळाचे राखणदार होते. देऊळ म्हणजे चार उभे खांब, दोनशे आडवे आणि खाली समुद्र. लोक सुट्टी काढून, दोन बोटी बदलून ते बघायला येतात. आता तिथे मी असतो. बाबा कायम होते, मी हंगामी आहे, एप्रिल ते ऑक्टोबर. बाबांनी शिट्टी वाजवली की खांबावर चढलेले लोक खाली उतरायचे. मी वाजवली की ते हात हलवतात आणि आणखी वर जातात.

बाबांचा नियम एकच होता. इथला खडासुद्धा खिशात जाता कामा नये. जे सापडेल ते पुरातत्त्व खात्याच्या कोठारात द्यायचं. आणि कोठाराच्या वहीत चढलं ते चढलं, मग ते देशाचं. मी सात वर्षांचा असताना त्यांनी माझ्या चड्डीच्या खिशातून खापराचा एक तुकडा काढला होता. मला कोठारापुढे रांगेत उभं केलं. रांगेत मी एकटाच होतो, तरी पाऊण तास लागला. मला सही येत नव्हती, म्हणून अंगठा घेतला. तो अंगठा अजून वहीत आहे.

फाटकापाशी चार भाषांतला फलक आहे, तोही त्यांचाच. वरच्या ऑफिसचं म्हणणं होतं की 'हात लावू नका' एवढं पुरे. बाबांचं म्हणणं, लोक हात लावणारच आहेत, तर पुढे काय करायचं ते तरी त्यांना सांगा. सहा वर्षं पत्रं लिहून त्यांनी फलकावर एक ओळ वाढवून घेतली: 'काही सापडल्यास कोठारात जमा करावे.'

या ओळीनेच पुढे बाबांचा पाय नेला.

बुधवारी सकाळी निकितासकाकांनी थडगं उघडलं. हे काम काका चाळीस वर्षं करतात. बाबांना खाली ठेवलं ते त्यांनीच, आणि वर काढलं तेही त्यांनीच. आधी कवटी आली. आईने ती रुमालात घेतली, कपाळावर ओठ टेकले आणि म्हणाली, "आलास." मग ती उन्हात धरून बघितली. हाडं मेणासारखी पिवळी निघाली तर माणूस चांगला होता असं आमच्याकडे धरतात. बाबा अगदी पिवळेधमक निघाले. आईने शेजारपाजारच्या बायकांकडे एकदा नजर फिरवली. कुणाला काही शंका असेल तर आताच बोला, अशी ती नजर होती.

मग एकेक हाड येत गेलं. त्यात डाव्या मांडीचं हाड मी लगेच ओळखलं. त्याला मधोमध गाठ होती. माझ्या जन्माच्या आधी एक पर्यटक खांबावर चढून बसला होता आणि त्याला उतरता येईना. बाबा त्याला उतरवायला वर गेले. पर्यटक उतरला, बाबा पडले. तेव्हा वाऱ्यामुळे बोट बंद होती, म्हणून मिकेस धनगराने मेंढ्यांची मोडलेली तंगडी बांधतात तसा त्यांचा पाय बांधला. पुढे उभी हयात ते त्या पायावर किंचित कलून चालले. मला ते लांबून चालीवरूनच ओळखू यायचे, आणि खिशात काही असलं तर टाकून द्यायला वेळ मिळायचा.

हाडं वाइनने धुऊन झाली. दफनभूमीची आणि देवळाच्या आवाराची मधली भिंत एकच आहे. रुंद आहे, उन्हात आहे. सगळं गाव आपली माणसं तिच्यावरच वाळवतं. आईने तिच्यावर पांढरी चादर अंथरली, बाबांना मांडलं आणि ती शनिवारचे गहू भिजवायला घरी गेली. जाताना मला म्हणाली, "आर्गिरिस, इथून हलायचं नाही. तुला दुसरं काही सांगत नाहीये मी."

मी त्या वेळी कामावरही होतो. म्हणून भिंतीवर घोड्यासारखा बसलो, एक पाय मेलेल्यांत, एक पाय पर्यटकांत. अशी दोन्हीकडची नोकरी मला जमेल असं वाटलं होतं. पण वारा सुटायला लागला होता. चादर चारी बाजूंनी दगड ठेवून दाबली, तरी डाव्या मांडीचं हाड गाठीमुळे स्थिर राहीना, सारखं घरंगळत होतं. मी ते उचललं आणि देवळाच्या बाजूला खांबाचा एक गोल तुकडा पडलाय, जात्याच्या तळीसारखा, त्याच्यावर ठेवलं. दगड तापलेला होता. म्हटलं, लवकर वाळेल.

मग फ्रान्सहून आलेल्या दोन मुलींनी विचारलं की कड्यापाशी आमचा फोटो काढशील का. तिथून समुद्र फार छान दिसतो. मी काढला. वाऱ्याने केस तोंडावर येत होते, म्हणून पुन्हा काढला. अकरा काढले. वीस मिनिटं गेली.

परत आलो तेव्हा चादर जागेवर होती आणि जात्याची तळी रिकामी होती.

मी दगडांच्या फटी पाहिल्या, झुडपं पाहिली, कड्याच्या टोकाशी पालथा पडून खालच्या पाण्यातही पाहिलं. तेवढ्यात आई पेटी घेऊन आली. गादी घालावी तशी ती पायांपासून वर हाडं लावत गेली आणि डाव्या गुडघ्याच्या वर थांबली. चादर झटकली. मग माझ्याकडे बघितलं.

"तू हलला नाहीस ना?"

"नाही," मी म्हणालो.

तिने ते खरं मानलं. पुढचं सगळं त्या एका 'नाही'मुळे झालं. मी हललो नसेन तर हाड भिंतीवरून गेलेलं नाही. वरून गेलं नसेल तर ते वर आलंच नाही. म्हणजे ते खालीच आहे, आणि निकितासकाकांनी काम नीट केलं नाही. काका म्हणत होते, मी ते तुझ्या हातात दिलं, स्तामातिया, त्याला गाठ होती. आई म्हणाली की आपण रडत होतो, आपल्या हातात कुणी काय दिलं ते आपल्याला आठवत नाही, पण काकांनी हल्ली चष्मा बदलायला हवा. चाळीस वर्षांत काकांना असं कुणी बोललं नव्हतं. ते पुन्हा खड्ड्यात उतरले.

मी तिथेच उभा होतो. हाड सापडलं की सांगू, असं मनाशी म्हणत होतो. ते खड्ड्यात सापडणार नाही हे जगात फक्त मला माहीत होतं.

गुरुवारी वारा एवढा वाढला की बोट बंद झाली. ज्यांची सुट्टी संपली होती तेही अडकले. त्यांत डेन्मार्कच्या इंगेलीसबाई होत्या, निवृत्त शिक्षिका. दुसरं काही करण्यासारखं नाही म्हणून त्या पुन्हा देऊळ बघायला आल्या आणि मला म्हणाल्या की इथली व्यवस्था आपल्याला फार आवडली. काल त्यांना एका दगडावर प्राचीन हाड सापडलं होतं. आधी त्या घाबरल्या, पण फाटकावरची सूचना आठवली. रुमालात गुंडाळून त्यांनी ते कोठारात नेऊन दिलं. एवढं बोलून त्यांनी पर्समधून पावती काढली. नोंद क्रमांक ४४१७.

मी म्हणालो, धन्यवाद. काय म्हणणार? आजवर हजारो लोकांनी तो फलक वाचला. तो पाळणारं पहिलं माणूस हेच.

कोठार एवान्थियामावशीच्या ताब्यात असतं. ती बाबांच्या हाताखाली शिकली. पण बुधवारी ती शेजारच्या बेटावर दाताच्या डॉक्टरकडे गेली होती आणि शेवटच्या बोटीने संध्याकाळी परतली. दिवसभर कोठारात उत्खननासाठी आलेला बेल्जियमचा योरिस एकटा होता. अत्यंत कामसू मुलगा. त्याने हाड मोजलं, वजन केलं, वर शाईने क्रमांक घातला, शाईवर वार्निश दिलं आणि वहीत लिहिलं: 'पुरुष. डावी मांडी. मोडलेलं हाड अत्यंत कौशल्याने जुळवलेलं. बेटावर प्राचीन काळी प्रगत वैद्यक असावं. वाइनचा वास, अंत्यविधीशी संबंध?'

मावशीने मला पाहिलं आणि मी तोंड उघडायच्या आत खण उघडला. बाबांचं हाड कापसावर झोपवलेलं होतं.

"वास आला तेव्हाच कळलं मला," ती म्हणाली. "माझ्या आईला मी स्वतः धुतलंय. दोन हजार वर्षं वाइनचा वास राहतो होय?"

"मग दे की, मावशी. पिशवी आणलीये मी."

"वहीत चढलंय."

मी म्हटलं, ते झाफिरिस आहेत, तुला माहितीये ते झाफिरिस आहेत. ती म्हणाली, म्हणून तर. दुसऱ्या कुणाचं असतं तर कदाचित डोळेझाक केली असती. पण झाफिरिसचंच हाड झाफिरिसच्या वहीतून चोरून दिलं तर उद्या वर गेल्यावर तो आपल्याला विचारेल, आणि शिट्टी वाजवून विचारेल.

वहीतली नोंद रद्द करायची वाट एकच होती, तीही बाबांनीच घालून दिलेली. लाल शाईने दुरुस्ती. तिच्याखाली दोन सह्या. एक सही त्या वेळी कामावर असलेल्या राखणदाराची: बाहेरची वस्तू आवारात कशी आली आणि ती उचलली गेली तेव्हा आपण कुठे होतो, हे स्वतःच्या हाताने लिहून. दुसरी, वस्तू ज्याची आहे त्याची.

"म्हणजे आई," मी म्हणालो.

"म्हणजे आई. आणि ती वाचल्याशिवाय सही करत नाही."

मी विचार करून सांगतो म्हणालो. मावशी म्हणाली की कर विचार, पण वारा पडेपर्यंतच. योरिसने हाड तपासणीसाठी अथेन्सला पाठवायचं ठरवलं होतं. पहिल्या बोटीने जाणार होतं, आणि तिथे काळ ठरवण्यासाठी त्यातला एक तुकडा कापून जाळणार होते. सरकारी कागद तयार होता. तो थांबवायचा तर वहीत लाल शाई हवी.

त्या दिवशी बेटावरचा प्रत्येक माणूस वारा पडावा म्हणून समुद्राकडे बघत होता. दुकानातलं दूध संपलं होतं, इंगेलीसबाईंच्या गोळ्या संपत आल्या होत्या, एक नवरदेव पलीकडच्या बेटावर अडकला होता. आणि मी एकटा मनात म्हणत होतो, आणखी एक दिवस वाहू दे. नवरदेवाचं काय, तो काही कापला जाणार नव्हता.

शुक्रवारी सकाळी कामावर जाताना भिंतीवरून पलीकडे पाहिलं. निकितासकाका खड्ड्याशेजारी बसून माती चाळत होते. चाळण घरची होती, पिठाची. एका बाजूला चाळलेल्या मातीचा ढीग, एका बाजूला न चाळलेल्या. वारा चाळलेली माती उचलून न चाळलेल्या ढिगावर टाकत होता. काकांना ते दिसत होतं. तरी ते चाळत होते.

बंदराच्या रेडिओने सांगितलं की उद्या पहाटे वारा पडेल, सकाळी नऊला बोट सुटेल.

मी फाटकाला कुलूप लावलं आणि घरी गेलो. आई कढईतले शिजलेले गहू फडक्यावर पसरत होती. त्यांत डाळिंबाचे दाणे आणि बदाम घालून, वर साखर थापून ते चर्चमध्ये न्यायचे असतात. तिने बाजूला उघडी पेटी ठेवली होती; बाकीचे बाबा त्यात होते, पण ती झाकणच लावत नव्हती. मी दारातच उभा राहून सगळं सांगितलं. दगड, फ्रान्सच्या मुली, डेन्मार्कची बाई, वही, शाई, अथेन्स. ती गहू पसरत राहिली.

"किती वेळ नव्हतास?" तिने विचारलं.

"वीस मिनिटं."

"फोटो चांगले आले?"

"नाही. केस मधे येत होते."

तिने हात पुसले. रडेल असं मला वाटलं. ओरडली असती तर मला बरंच वाटलं असतं. ती खुर्चीवर बसली. मग सावकाश म्हणाली, "तू हललास ते मला कळलं असतं तर मी म्हटलं असतं, गाढव आहे, बापाच्या वळणावर नाही गेला. तेवढंच. पण त्या म्हाताऱ्याला मी चष्म्यावरून बोलले, आर्गिरिस. सगळ्यांसमोर. ते तू ऐकत उभा होतास."

"हो."

"आधी त्याच्याकडे जा. मग कोठारात येते मी."

दफनभूमीत गेलो. काकांनी माझं सगळं ऐकून घेतलं. बोलताना मी चाळणीकडे बघत होतो. ते उठले, गुडघ्यांवरची माती झटकली, चाळण बगलेत मारली. मग फावडं माझ्या हातात दिलं.

"बुजव," ते म्हणाले. आणि थोडं पुढे जाऊन, "चष्मा बदललाय मी मागच्याच वर्षी. आईला सांग."

बाबांचा खड्डा मी बुजवला. दोन तास लागले. माती चाळलेली होती, दगड एक नाही. एवढ्या बारीक मातीत आमच्या बेटावर आजवर कुणी झोपलं नसेल.

तीन वाजता कोठारात आम्ही चौघं होतो. मावशीने वही उघडली, लाल शाईची दौत काढली. मी लिहिलं की सदर वस्तू मी स्वतः आवारात ठेवली आणि ती उचलली गेली तेव्हा मी जागेवर नव्हतो, कड्यापाशी फोटो काढत होतो. मावशीने किती ते विचारलं. मी 'अकरा' लिहिलं. याची एक प्रत वरच्या ऑफिसला जाते. हंगामी माणसाच्या बाबतीत ते काय करतात मला माहीत आहे, मावशीलाही माहीत आहे. आईने वाचलं, सबंध वाचलं, आणि सही केली.

योरिस पांढरा पडला होता. त्याने दोन दिवस माझ्या बाबांवर टिपणं काढली होती. तो आईची माफी मागू लागला, मग कापसावरच्या हाडाचीही मागितली, मग न राहवून विचारलं की हे जोडलं कुणी, कारण इतकं सुंदर काम त्याने पुस्तकातही पाहिलेलं नाही. मी आईला त्याचं म्हणणं सांगितलं.

"मिकेसने. धनगर होता," आई म्हणाली.

त्यांना भेटता येईल का, त्याने विचारलं.

"येईल की. तिसऱ्या फळीवर आहे."

क्रमांक मात्र निघाला नाही. योरिसने स्पिरिट लावून पाहिलं, मावशीने नखाने खरवडलं. वार्निश चांगल्यातलं होतं. शेवटी आई म्हणाली, राहू दे, आणि हाड रुमालात घेतलं. कोठारातून चर्चपर्यंत ती चालत गेली, मला धरू दिलं नाही. पेटीत ते सरळ बसत नाही, तिरकं ठेवावं लागतं. तिने ते कोपऱ्यातून कोपऱ्यात ठेवलं, वर कवटी, आणि झाकण लावलं. मग मला पेटी फळीवर ठेवायला सांगितली. ती हलकी होती. ते मला सहन होईना, म्हणून फळी तपासत असल्यासारखं करून मी तिथे थोडा वेळ उभा राहिलो.

शनिवारी पहाटे वारा पडला. समुद्र असा झाला होता, जणू काही घडलंच नव्हतं. चर्च भरलं होतं. निकितासकाका पुढच्या ओळीत बसले होते. आई जाऊन त्यांच्या शेजारी बसली, तिच्या शेजारी मी, आणि गव्हाच्या ताटातला पहिला वाटा तिने त्यांच्या हातात दिला. वाटायची वेळ अजून झाली नव्हती. काकांनी तो खाल्ला. इंगेलीसबाई बोटीच्या आधी तासभर आल्या होत्या, शेवटच्या बाकावर, सामान पायाशी. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. पावती त्यांनी जपून ठेवली होती.

पाद्रीबाबा कागद वाचायला लागले. त्यांना थांबायची सवय नाही. लिहिलेलं असेल ते सगळं वाचायचं, एका सुरात, एका दमात. एकदा तर ते किराण्याची यादीही वाचून गेले होते आणि साबणासाठी सगळ्या गावाने छातीवर क्रुसाची खूण केली होती. आमचा कागद आला. अक्षर आईचं. आजोबांचं नाव, आजीचं नाव, मामाचं.

"झाफिरिस," पाद्रीबाबा म्हणाले, "चार हजार चारशे सतरा."

कुणी हसलं नाही. सगळ्यांनी क्रुसाची खूण केली. मी आईकडे पाहिलं. ती समोर बघत होती.

"वर कुणी विचारलं तर," ती हळूच म्हणाली. "त्याच्या अंगावर एक आणि कागदावर भलतंच, असं नको. त्याला ते चाललं नसतं."

बंदरात बोटीचा भोंगा वाजला. इंगेलीसबाई सामान उचलून पायांचा आवाज न करता बाहेर गेल्या. पाद्रीबाबा पुढचा कागद उघडत होते.